पांढरी तीन नव्हे, काळी दोन

मामा,

तू गेल्यापासून लोक माझं सांत्वन करायला येतात आणि सगळे एकच बोलतात. "पहिला गुरू गेला गो तुझा." मी मान हलवते. कॉलेजातल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी भाची लाभली, भाग्यवान होते ते." तेव्हाही मी मान हलवली. घरी आले, न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

त्या बाईंना कुठे ठाऊक, की गेली दोन वर्षं पेडण्याला काही काम निघालं तर मी बसमध्ये मुद्दाम उलट्या बाजूच्या बाकावर बसायची. धारगळ आलं की मोबाइलमध्ये डोकं घालायची. तुझं दुकान दिसू नये म्हणून. तू दिसू नयेस म्हणून.

दुकान म्हणजे हायवेला लागून एक पत्र्याची शेड. पाटीवर 'मोटर वायंडिंग', आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि गावोगावच्या विहिरींवरून आलेले जळके पंप. मे महिन्यात आई मला डिचोलीहून तुझ्याकडे पाठवायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुरुस्त झालेली मोटर तू चालू करायचास, डोळे मिटायचास आणि म्हणायचास, "आयक. कसली पट्टी?" मला मोटर नुसती घुमताना ऐकू यायची. तू तोंडाने तोच सूर लावायचास आणि मग मलाही मोटर गाताना ऐकू यायची.

मुळगावच्या एका भजनी मंडळाने अडगळीत टाकलेली पेटी तू मागून आणलीस. भाता फाटला होता, तो सायकलच्या ट्यूबने सांधलास. सूर म्हणजे काय ते मला त्या पेटीवर कळलं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. गाणारा ज्या पट्टीला आपला सा मानतो, ते त्याचं घर, असं तू सांगितलंस. पुढे मी रीतसर शिकले, परीक्षा दिल्या, कॉलेजात संगीत शिकवू लागले. विद्यार्थ्यांना मी अजून हेच वाक्य सांगते. कुणाचं आहे ते सांगत नाही. बघ, इथेही तेच.

आणि ती बाई. आपल्या घरात 'बाई' म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळायचं. लग्नाआधी तू डिचोलीत एका म्हाताऱ्या दोतोराच्या, म्हणजे डॉक्टरांच्या घरी पंखा दुरुस्त करायला गेला होतास. आतल्या खोलीत ग्रामोफोनवर ऑपेरातलं गाणं लागलं होतं, एक बाई एकटीच गात होती. पंखा कधीच दुरुस्त झाला होता, पण गाणं संपेपर्यंत तू शिडीवरून उतरला नाहीस. दोतोर बघत होते. पुढे ते वारले तेव्हा त्यांच्या मुलीने लिस्बनला जाण्याआधी तुला बोलावून तो ग्रामोफोन आणि ती एक तबकडी दिली. बाकीच्या तबकड्या कुणी नेल्या, तू विचारलं नाहीस. तुला हवी होती ती मिळाली होती.

तबकडीवरचा कागद इतका झिजला होता की बाईचं नाव वाचता येत नव्हतं. तिन्हीसांजेला देवाला दिवा लागला की तू हात धुऊन, पंच्याला पुसून तबकडी काढायचास. मामी चहा ठेवायची. चार मिनिटांचं गाणं. त्या चार मिनिटांत कुणी पेला वाजवला तरी तू वळून बघायचास.

आपलं भांडण तिथेच सुरू झालं. मी म्हणायची, "मामा, ती रडते." तू म्हणायचास, "रडणा नाय गो. रडू आडवता. रडलेल्या माणसाक इतको लांब श्वास घेवक जमता काय?" मी कॉलेजात असताना शब्दांचा अर्थ शोधून देते म्हणाले, तर तू घाईघाईने हात वर केलास. "नको. मगे मी तितकाच आयकत बसतलय." पंधरा-वीस वर्षं आपण त्या एका मुद्द्यावर भांडलो आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. तुझ्याशी भांडून घरी परतताना बसमध्ये मी त्या बाईसारखा श्वास घेऊन बघायची. माझा अर्ध्यावर तुटायचा.

ग्रामोफोनच्या ताटाजवळ वेग कमीजास्त करायचा छोटा खटका असतो. तो तू एका जागी आणून ठेवला होतास आणि तिथे लाल रंगाचा ठिपका दिला होतास. तो मी लहानपणापासून बघत होते. कधी विचारलं नाही.

आता ती गोष्ट सांगते. तुला ठाऊक असलेली, पण मी तुझ्याकडे कधी न काढलेली.

पणजीला माझं भाषण ठरलं. आपल्या गाण्यातला शोक आणि ऑपेरातला शोक, असा विषय. पुण्याहून दोन जाणकार येणार होते. मी तुझ्याकडून तबकडी मागून आणली, एका स्टुडिओतल्या नव्या विजेच्या प्लेअरवर लावली आणि तिची प्रत करून घेतली. तो प्लेअर एकाच ठरावीक वेगाने फिरतो. जुन्या तबकड्यांचा वेग म्हणून पुस्तकात जो लिहितात, त्या वेगाने. मग ती प्रत एका अ‍ॅपमध्ये घातली. अ‍ॅपने तीन ओळी दिल्या. लय, मिनिटाला छप्पन्न ठोके. पट्टी, पांढरी तीन, मायनर. भाव, अस्वस्थ. माझं सगळं भाषण मी त्या तीन ओळींवर उभं केलं. ही स्त्री अधीर आहे, तिची लय तिला पुढे ढकलते आहे, भीतीने तिचा आवाज थरथरतो आहे, असं मी पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं.

तू आणि मामी दुसऱ्या रांगेत होता. तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होतास. मामी नवं लुगडं नेसली होती. भाषणाच्या सुरुवातीला मी 'तबकडी माझ्या मामांची' असं सांगितलं तेव्हा ती आजूबाजूला बघून हसली होती.

प्रश्नांची वेळ झाली आणि तू हात वर केलास. माईक तुझ्याकडे आला. तू उभा राहिलास आणि घरी बोलतोस तसंच बोललास.

"बाय, तुझा मशीन जोरात फिरता गो. बाई इतकी घाई करणा नाय. पट्टी पण अर्धो सूर वर गेलीसा. ती काळी दोनची आसा. आणि ती थरथर भियाची नाय, मशीनीची. हळू कर, जाता ती."

मामा, तुझं म्हणणं चूक वाटलं म्हणून मी चिडले, असं मला स्वतःला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मला तुझी बोली ऐकू आली. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे बघितलेलं दिसलं. तुझ्या बोटांना चिकटलेलं वार्निश मला व्यासपीठावरून दिसत होतं, किंवा दिसतंय असं वाटलं. तू काय सांगतोयस ते मी ऐकलंच नाही.

मी माईकवर म्हणाले, "माझे मामा मोटर वायंडिंग करतात. त्यांना सगळं फिरतानाच दिसतं. मामा, आपण इथे संगीताबद्दल बोलतोय."

सभागृह हसलं. चांगलं मोकळेपणाने हसलं. मीही हसले. आणि तूसुद्धा हसलास, दोन्ही हातांनी माईक परत दिलास आणि बसलास. मामी हसली नाही.

परत येताना गाडीत तबकडी तुझ्या मांडीवर होती, टॉवेलात गुंडाळलेली. म्हापसा मागे पडलं. मग तू म्हणालास, "हॉलाचो आवाज बरो होतो हां. मागे बसलेल्याकव आयकाक गेला असतला." मी म्हणाले, "हो." तेवढंच.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका तबकडी-संग्राहकाचा निरोप आला. माझ्याकडची प्रत मी त्यांना पाठवली होती. त्यांनी लिहिलं होतं, फार दुर्मीळ ध्वनिमुद्रण आहे, पण तुमचा वेग चुकला आहे. त्या काळी प्रत्येक कंपनी आपापल्या वेगाने तबकड्या कापायची. ही बरीच हळू फिरवायला हवी. लय छप्पन्नवरून त्रेपन्नवर येईल आणि पट्टी अर्धा सूर खाली. छापील स्वरलिपीतही तीच पट्टी आहे. खूण हवी असेल तर आवाजातला कंप ऐका, वेग बरोबर झाला की तो निवळतो.

दुपारची वेळ होती, स्टाफरूममध्ये सगळे जेवत होते. मी कानाला हेडफोन लावले आणि प्रत हळू केली. थरथर गेली. बाई जागच्या जागी उभी राहिली, मामा. तिला कसलीही भीती नव्हती. ती लांब श्वास घेत होती आणि शेवटच्या ओळीआधी थांबत होती, पुढचं बोलायचं की नाही ते तिचं अजून ठरलं नसल्यासारखी. तुझ्या ओसरीवर मी लहानपणापासून हीच बाई ऐकत आले होते. तुझ्या लाल ठिपक्यावरची.

मी फोनमध्ये तुझं नाव काढलं. अंगठा त्यावर होता. लावला नाही. त्या क्षणी लाज वाटली म्हणून नव्हे. लाज नंतर आली. त्या क्षणी मला आनंद झाला होता, आता आपल्याकडे लिहायला काहीतरी आहे याचा.

मी लेख लिहिला. एका संगीत वार्षिकात आला. त्यात हे वाक्य आहे: 'अत्यंत बारकाईने ऐकत असताना प्रस्तुत लेखिकेच्या लक्षात आले की प्रचलित वेग सदोष असून मूळ पट्टी काळी दोन असावी.' शेवटी आभार आहेत. पुण्याच्या संग्राहकांचे, प्राचार्यांचे, ध्वनिमुद्रणाची प्रत करून देणाऱ्या स्टुडिओचे. तुझं नाव कुठेही नाही. तबकडीपुढे कंसात 'खासगी संग्रह' आहे. तू खासगी संग्रह झालास. लेखाचं कौतुक झालं. बेळगावला वाचायला बोलावलं, तिथे एका वयस्क गवयांनी उठून सांगितलं, 'बाई, कान असावा तर असा.' मी वाकून नमस्कार केला.

मग तुझा फोन आला.

"बाय, लेख आयकलंय. प्रज्ञान वाचून दाखवल्यान." तुझी लेक प्रज्ञा. तिला मीच अंक पाठवला होता. का पाठवला, मला अजून नीट सांगता येत नाही. तू वाचावास असं वाटत होतं आणि वाचू नयेस असंही. "काळी दोन. बरोबर. बरां झाला, गावला तुका."

त्या फोनवर मला सगळं मिटवता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? "हो मामा, खूप अभ्यास करावा लागला."

तू मग म्हणालास, "लागताच. मामीक देवू?"

त्यानंतर मी धारगळला आले नाही. चतुर्थीला आले नाही, प्रज्ञाच्या बाळाच्या बारशाला आले नाही. कॉलेजचं काम आहे, परीक्षा आहेत, नॅकची समिती येतेय. मामी प्रत्येक वेळी 'बरां' म्हणायची. तू कधी विचारलं नाहीस. तू विचारलं असतंस, रागावला असतास, चार माणसांत मला झाडलं असतंस, तर मी पाय धरले असते. तू मला ती सोय दिली नाहीस. की दिली होतीस आणि मला दिसली नाही?

इस्पितळात मी एकदा आले. प्रज्ञा जेवायला गेली होती आणि आपण दोघंच होतो. तू बारीक झाला होतास, पण बोलत होतास. डोळ्यांनी छताकडे खूण केलीस आणि म्हणालास, "तो पंखो आयक. बेअरिंग गेलीसा. चार दिवसात बंद पडतलो." मी ऐकलं. मग तू विचारलंस, "जेवलंस?" मी म्हणाले, "जेवले." मग मी म्हणाले, "मामा, मला एक सांगायचं होतं."

"सांग."

तू मान माझ्याकडे वळवलीस. नर्स आली नाही. फोन वाजला नाही. प्रज्ञा यायला अजून अर्धा तास होता. कुणीही आड आलं नाही, मामा. मी तुझ्या उशीची खोळ सारखी केली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येते, तेव्हा निवांत बोलू." तू म्हणालास, "ये." आणि डोळे मिटलेस.

पुढचा आठवडा आला तेव्हा आम्ही तुला घेऊन स्मशानात होतो.

दहाव्या दिवशी मी मामीला सगळं सांगितलं. ती मागच्या दारी पिंडांसाठी भात शिजवत होती. मी खाली बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. लेखातलं ते वाक्य तिला सोपं करून सांगितलं. 'खासगी संग्रह' म्हणजे काय तेही सांगितलं. तिने मध्ये एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सांगून झाल्यावर मी म्हणाले, "मामी, चुकलं माझं."

ती म्हणाली, "माका कित्याक सांगतंस? तेका सांगूक होया होता."

"मामाला कळलं होतं का गो?"

"तेका कळूक नाय? लेख वाचून झालो तसो तो प्रज्ञाक म्हणालो, परत वाच. दोनदा वाचून घेतल्यान. मगे म्हणालो, तिणा नीट लिवल्यान, लोकांक कळात. मी म्हटलंय, तुझा नाव खंय? तर म्हणता कसो, माझ्या नावान कोण आयकतलो?"

भाताला उकळी आली होती. तिने झाकण बाजूला केलं.

"बाय, तू तेका लोकांमदी हसलंस. मी थंयच होतंय. माझ्याकडे मागच्या दारी येवन रडान काय उपेग नाय. लोकांमदीच सांग."

म्हणून मी त्या वार्षिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. वेगाची चूक माझ्या लक्षात आलेली नाही, ती धारगळच्या एका मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर दाखवली होती आणि मी त्याची चेष्टा केली होती, असं छापा, म्हणाले. त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. सभ्य उत्तर होतं. आपल्या भावना समजतात, परंतु अंकात कौटुंबिक बाबींना जागा देण्याची पद्धत नाही, पुढच्या अंकात 'तबकडी सौजन्य' म्हणून नाव अवश्य घालू. मी परत लिहिलं, की ही कौटुंबिक बाब नाही, लेखातलं मुख्य विधान चोरीचं आहे. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. मी पाठ सोडणार नाही, पण माझ्या या म्हणण्यावर तू विश्वास का ठेवावास?

इकडे हायवेवरच्या दुकानदारांनी तुझ्यासाठी शोकसभा ठेवली आहे. गॅरेजवाले, टायरवाले, हार्डवेअरवाले, चहाच्या गाड्यावाले. देवळाच्या सभामंडपात. टायरवाले शाबी मला सांगायला आले, "तुमी शिकल्या-सवरल्या, तुमीच चार शब्द बोला." मी हो म्हटलं. त्यासाठीच हे लिहिलं आहे, तिथे हेच वाचणार आहे. आज सकाळी मामीला वाचून दाखवलं.

पहिल्या खेपेला मी व्यासपीठावरचं ते लिहिताना 'मी काहीतरी थट्टेने बोलले आणि सभागृह हसलं' एवढंच लिहिलं होतं. मामीने तिथे हात वर केला.

"काय बोललंस?"

"मामी, तुला आठवतंय की."

"माका आठवता. तेंका खंय म्हायत आसा? थंय शाबी आसतलो, गॅरेजवालो आसतलो. हसलंस ता लिवलंस, तर काय म्हणान हसलंस ताय लिव."

मी पेन घेतलं आणि ती तीन वाक्यं जशीच्या तशी वर घातली. मग मामीने ती मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. वाचताना आवाज खाली गेला तर म्हणाली, "आयकाक येणा नाय."

माईक शाबींनी सांगून ठेवला आहे. सभा रविवारी साडेचारला आहे, मामा, आणि पहिल्या रांगेत मामी बसणार आहे.